छापलेलं चित्र अस्सल कसं? कृष्णा रेड्डी समजून घेताना

कलादालनात एखाद्या चित्राखाली पेन्सिलीनं '१२/५०' लिहिलेलं असतं, शेजारी चित्रकाराची सही असते, आणि किंमत ऐकली की माणूस गप्प होतो. पन्नास प्रती निघाल्या म्हणजे हे छापलेलं चित्र. छापलेलं आहे तर एवढे पैसे कशाचे? आणि पन्नासच्या पन्नास प्रतींना 'मूळ कलाकृती' म्हणायचं, हा काय प्रकार?

शंका रास्त आहे. तिचं उत्तर व्याख्येतून देण्यापेक्षा एका माणसाच्या कामातून द्यावंसं वाटतं. तो माणूस म्हणजे कृष्णा रेड्डी. २०२५ हे त्यांचं जन्मशताब्दीचं वर्ष. जन्म आंध्रातल्या खेड्यात, शिक्षण शांतिनिकेतनात, मग पॅरिसमध्ये दोन तपं आणि १९७६ पासून अखेरपर्यंत न्यूयॉर्क. धातूच्या एकाच पत्र्यावरून, एकाच दाबात, अनेक रंग कागदावर उतरवण्याची पद्धत ज्या मोजक्या लोकांनी घडवली, त्यांत रेड्डी अग्रभागी होते. जगभर ती शिकवली जाते. आपल्याकडे मात्र चित्रं आवडीनं पाहणाऱ्यांनाही त्यांचं नाव पटकन आठवत नाही, आणि हे मला मनापासून खटकतं.

छापील म्हणजे नक्कल, हे मनात कुठून बसलं?

राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या, थेट देव्हाऱ्यात बसल्या. ती आधी तैलरंगात रंगवलेल्या चित्रांची छपाई होती. मूळ चित्र कुठल्या तरी राजवाड्यात आणि आपल्या भिंतीवर त्याची प्रत, असा तो हिशेब. त्यामुळे छापील चित्र दिसलं की 'मूळ कुठे आहे?' हा प्रश्न आपल्या तोंडी आपसूक येतो.

मुद्राचित्रात, म्हणजे सुरुवातीच्या '१२/५०' सारख्या चित्रात, असं वेगळं मूळ नसतंच. चित्रकार थेट धातूवर, लाकडावर किंवा दगडावर काम करतो, आणि ते कागदावर उमटेपर्यंत चित्र जन्मलेलंच नसतं. रेम्ब्रांटनं सतराव्या शतकात तांब्याच्या पत्र्यांवर अशी सुमारे ३०० चित्रं केली. ती त्याच्या तैलचित्रांच्या प्रती नव्हेत. कागदावर उमटलेलं तेच त्यांचं पहिलं आणि खरं रूप.

आम्लानं खोदलेली रेषा

रेड्डींचं काम ज्या पायावर उभं आहे, त्याला एचिंग म्हणतात. मराठीत अम्लरेखन असा शब्द आहे, पण कलाशाळांमध्ये सगळे एचिंगच म्हणतात.

तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा घ्यायचा. तो गरम करून त्यावर मेण आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर चढवायचा. थर सुकला की अणकुचीदार सुईनं त्यावर चित्र काढायचं. सुई फक्त थर खरवडते, धातूला धक्का लावत नाही. मग पत्रा आम्लात ठेवायचा. जस्त नायट्रिक आम्लात टाकलं की रेषांच्या कडेनं बारीक बुडबुडे उठू लागतात. थर निघून धातू उघडा पडला असेल तिथेच आम्ल त्याला खातं, बाकीचा पत्रा शाबूत राहतो. जितका वेळ ठेवाल तितकी रेषा खोल, आणि छापल्यावर तितकी काळी.

नंतर थर धुऊन काढायचा, पत्र्यावर शाई चोळायची आणि जाळीदार कडक कापडानं पुसून घ्यायची. शेवटचं पुसणं तळहातानं. आता वरचा भाग स्वच्छ आणि शाई फक्त खाचांत. त्यावर ओलसर जाड कागद, कागदावर नमद्याचे थर, आणि हे सगळं लोखंडी रुळांच्या दाबाखालून जातं. कागद खाचांत दाबला जातो आणि आतली शाई ओढून घेतो. रबरी शिक्क्यात वर आलेला भाग छापतो, इथे खोल गेलेला.

म्हणूनच खऱ्या एचिंगमध्ये चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उतरलेला असतो आणि शाईची रेषा कागदापेक्षा किंचित वर आलेली असते. उजेड तिरपा पडला तर हे काचेबाहेरूनही दिसतं. पोस्टरमध्ये यातलं काहीच नसतं.

नंदनूरहून पॅरिसला

कृष्णा रेड्डींचा जन्म १९२५ साली चित्तूरकडच्या नंदनूर गावचा. जे. कृष्णमूर्तींच्या विचारांचा त्यांच्यावर लहान वयातच ठसा उमटला. १९४१ ते १९४६ ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात होते. नंदलाल बोस शिक्षक, आणि रामकिंकर बैजांसारखा शिल्पकार रोज डोळ्यांसमोर काम करतोय. १९४३ चा बंगालचा दुष्काळही याच वर्षांतला. नंदलालबाबूंच्या शिकवणीत निसर्गाकडे पाहण्याला फार मोठी जागा होती, आणि तेही नुसता आकार टिपण्यासाठी नव्हे. पान कसं वाढतं, पाणी कसं वळतं, वाढीमागे जोर कुठून येतो, हे पाहायचं. रेड्डींची पुढची चित्रं पाहताना हे लक्षात ठेवावं.

त्यानंतर त्यांनी मद्रासला 'कलाक्षेत्र' या संस्थेत कलाविभाग सांभाळला. मग लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये हेन्री मूर यांच्याकडे, पॅरिसमध्ये ओसिप झाडकिन यांच्याकडे आणि मिलानमध्ये मारिनो मारिनी यांच्याकडे त्यांनी काम केलं. तिन्ही गुरू शिल्पकार होते. चित्रं छापण्याच्या जगात रेड्डी शिल्पकाराचे हात घेऊन आले. त्यांच्या कामाची किल्ली इथेच आहे असं मला वाटतं.

पॅरिसमध्ये त्यांना आतल्ये १७ ही कार्यशाळा सापडली. ती चालवणारे स्टॅन्ली विल्यम हेटर हे इंग्रज चित्रकार मुळात रसायनशास्त्र शिकलेले आणि तरुणपणी इराणात अबादानला तेल कंपनीत नोकरी केलेले. १९२७ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये कार्यशाळा सुरू केली. १९३३ पासून ती जिथे भरायची त्या घराचा क्रमांक १७, म्हणून हे नाव. युद्धाच्या काळात ती न्यूयॉर्कला गेली, तिथे अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकनंही काम केलं, आणि १९५० मध्ये ती पॅरिसला परतली. मिरोसारखा नावाजलेला चित्रकार आणि काल आलेला विद्यार्थी एकाच टेबलावर काम करत आणि जे सापडेल ते सगळ्यांना दाखवत. रेड्डी आधी तिथे शिकले आणि पुढे हेटर यांच्या बरोबरीनं ती कार्यशाळा चालवू लागले.

रंग आले की पंचाईत

एका रंगाचं एचिंग सोपं नसलं तरी सरळ असतं. रंग दोन झाले की घोळ सुरू होतो. रविवर्म्यांच्या छापखान्यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. जितके रंग तितके दगड, आणि एक लक्ष्मी पुरी व्हायला कागद तितक्या वेळा यंत्राखाली जायचा. दगड केसभर सरकला तरी ओठाचा रंग गालावर.

एचिंगमध्ये हे आणखी जड जातं. कागद ओला असतो, दाब खाऊन ताणला जातो आणि दुसऱ्या पत्र्याशी जुळत नाही. शिवाय पहिल्या वेळी उठून आलेली शाई दुसऱ्या दाबात चपटी होते, म्हणजे ज्या गुणासाठी एचिंग करायचं तोच जातो.

रेड्डींची आणखी एक अडचण होती. वेगवेगळ्या पत्र्यांवर रंग वाटून द्यायचे तर चित्राचे आधी मनात तुकडे करावे लागतात, निळा पत्रा वेगळा, तांबडा वेगळा. शिल्पकार असा विचार करत नाही. त्याच्यासमोर एकच वस्तू असते आणि ती सगळ्या बाजूंनी एकदम वाढत जाते.

तेलाचं गणित

यातून जी वाट निघाली तिला व्हिस्कॉसिटी पद्धत म्हणतात. व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रवाचा दाटपणा, तो किती सहज किंवा किती आढेवेढे घेत वाहतो ते. पद्धतीत तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली गोष्ट पत्र्याची. तो एका पातळीचा राहत नाही. आम्लानं, कोरण्या-खरवडण्याच्या हत्यारांनी, विजेवर चालणाऱ्या अवजारांनी त्यात निरनिराळ्या खोलीचे भाग करायचे. वरचा भाग, मधला भाग, तळ, आणि त्यांच्यामधले उतार. रेड्डींचा पत्रा खरं तर उथळ शिल्पच असतो.

दुसरी गोष्ट रोलरची. कडक रबराचा रोलर हलक्या हातानं फिरवला तर तो फक्त सर्वांत वरच्या भागाला शिवतो. मऊ रोलर दाबून फिरवला तर तो आत बसतो आणि खालच्या भागांपर्यंत पोहोचतो.

तिसरी आणि खरी गंमत शाईची. छपाईच्या शाईत जवसाचं तेल घालून ती पातळ करता येते. आधी दाट शाई सर्वांत खोल खाचांत भरून वरचं पुसून घ्यायचं. मग तेल जास्त घातलेली पातळ शाई कडक रोलरनं वरच्या भागावर लावायची. त्यानंतर कमी तेलाची दाट शाई मऊ रोलरनं दाबून फिरवायची. हा मऊ रोलर वरच्या भागावरूनही जातो, पण तिथे त्याची शाई बसत नाही. पापड लाटताना पोळपाटाला तेलाचं बोट लावलं की पीठ धरत नाही, तसंच इथे. तेलकट शाई आपल्यावर आलेल्या दाट शाईला चिकटू देत नाही, आणि दाट शाई फक्त खालच्या कोरड्या भागावर बसते.

क्रम उलटा केला, म्हणजे आधी दाट आणि वरून पातळ, तर पातळ शाई दाट शाईवर जाऊन बसते आणि एक रंग दुसऱ्यातून डोकावतो. दोन्ही शायांत तेल सारखं असेल तर रंग मिसळतात. नकार, स्वीकार की मिलाफ, हे चित्रकार तेलाच्या प्रमाणावर ठरवतो. सगळे रंग पत्र्यावर आले की पत्रा यंत्राखाली एकदाच जातो. कागद जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही.

रेड्डींच्या चित्रात निळ्याशेजारी नारिंगी, त्याशेजारी हिरवा असे बारीक कण लगटून बसलेले असतात. ते कागदावर मिसळत नाहीत, लांबून पाहणाऱ्याच्या नजरेत मिसळतात. म्हणून जांभळट दिसणारा एखादा भाग जवळून पाहिला की तिथे एकही जांभळा कण नसतो.

हा शोध नेमका कुणाचा?

कुठे हेटर यांचं नाव वाचायला मिळतं, कुठे रेड्डींचं. या कहाणीत मुंबईचा एक माणूसही आहे. काइको मोती, जन्म मुंबई, १९२१. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग स्लेडला आणि तिथून पॅरिसला गेले आणि तिथेच राहिले. चित्रं रंगवणं आणि एचिंग करणं ही दोन्ही कामं त्यांनी केली. आतल्ये १७ मध्ये दाट-पातळ शायांचे जे प्रयोग झाले, त्यांत रेड्डी आणि मोती या दोन भारतीयांचा वाटा मोठा होता.

एकाच नावावर शोधाचा सातबारा करायचा हट्ट इथे धरू नये असं मला वाटतं. ती कार्यशाळाच अशी होती की एकानं शाई सांडायची, दुसऱ्यानं 'हे असं का झालं?' विचारायचं आणि तिसऱ्यानं ते पत्र्यावर पुन्हा करून पाहायचं. तेलाचं शास्त्र हेटर यांच्या हाडात होतं, आणि पत्र्याकडे शिल्प म्हणून पाहणं रेड्डींचं. त्या पद्धतीला सर्वांत खोलवर नेऊन तिचं पूर्ण व्याकरण मांडणारे मात्र रेड्डीच. १९८८ मध्ये त्यांनी ते सगळं पुस्तकात लिहून ठेवलं. धंद्याचं गुपित म्हणून लपवलं नाही.

हे तर रसायनशास्त्र झालं, यात कला कुठे आहे?

हा आक्षेप रेड्डींच्या चित्रासमोर उभं राहिलं की गळून पडतो. १९६३ चं 'व्हर्लपूल', म्हणजे भोवरा. पाण्याचं चित्र काढायचं तर बहुतेक जण पाण्याची कड काढतील, फेस काढतील. रेड्डींनी ओढ काढली आहे. रेषा केंद्राकडे खेचल्या जातात आणि त्याच वेळी बाहेर फेकल्या जातात, जाळ्याच्या घरांसारखे आकार मध्याकडे आवळत जातात. आता तेलाचं गणित आठवा. ज्या खोलीला आम्ल जास्त वेळ थांबलं तिथे वेगळा रंग बसला, उतारावर तो विरत गेला. म्हणजे भोवऱ्याची खोली रंगवून भासवलेली नाही, ती धातूत खरोखर आहे आणि रंग तिच्यावरून ठरला आहे. तंत्र आणि आशय यांना इथे वेगळं काढता येत नाही. त्याच सुमाराची 'वेव्ह' ही लाटही याच जातीची.

शांतिनिकेतनातली ती शिकवण, निसर्गात जोर कुठून येतो ते पाहा, पॅरिसमध्ये जस्ताच्या पत्र्यावर अशी उतरली.

सगळंच काही पाणी आणि पानं नव्हतं. १९६८ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थी उतरले, तेव्हा रेड्डी तिथेच होते. त्यांच्या 'डेमॉन्स्ट्रेटर्स' या चित्रामागे ती धग आहे. न्यूयॉर्कला गेल्यावर लहान मुलीला सर्कस दाखवायला नेलं आणि त्यातून विदूषकांची मालिका सुरू झाली. 'ग्रेट क्लाउन' मध्ये हात पसरलेला विदूषक आणि त्याच्याभोवतीचं रिंगण एकमेकांत विरघळतात, तो कुठे संपतो आणि सर्कस कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. याच पत्र्यावरून त्यांनी वेगवेगळ्या रंगांत छाप काढले. एकात विदूषक उजळलेला, दुसऱ्यात खचलेला. पत्रा तोच, फक्त शायांचा दाटपणा आणि क्रम बदलला.

मग पन्नासच प्रती का? हजार का नाहीत?

याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही मोकळेपणानं सांगायला हवीत. जस्त मऊ असतं, दाबानं आणि पुसण्यानं बारीक खाचा झिजतात, आणि नंतरचे छाप फिके पडतात. शिवाय व्हिस्कॉसिटी पद्धतीत प्रत्येक छापासाठी पत्रा नव्यानं भरावा, पुसावा आणि रोलरनं रंगवावा लागतो. हवा दमट की कोरडी यावर शाईचा स्वभावही बदलतो. हजार प्रती काढणं माणसाच्या आवाक्यातलं काम नाही.

दुसरं कारण बाजाराचं. प्रती मोजक्या ठेवल्या की किंमत टिकते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तांब्याच्या पत्र्यावर पोलादाचा मुलामा देऊन तो जास्त टिकवताही येतो. म्हणजे '१२/५०' मध्ये थोडा भाग धातूचा आणि थोडा भाग कराराचा आहे: ५० च्या पुढे काढणार नाही, असा चित्रकारानं दिलेला शब्द. '१२' म्हणजे या मालिकेतली बारावी प्रत. एखाद्या छापाखाली इंग्रजीत 'ए पी' अशी अक्षरं असतात, ती चित्रकारानं स्वतःसाठी ठेवलेली प्रत.

आयुष्य परदेशात काढलं, मग ते भारतीय चित्रकार कसे?

हा प्रश्न गोव्यात साळगावला जन्मलेल्या आणि पुढे लंडनला गेलेल्या चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांबद्दलही विचारला जातो, १९५० मध्ये मुंबईहून पॅरिसला गेलेल्या सय्यद हैदर रझांबद्दलही. रेड्डींच्या बाबतीत तो जास्त टोचतो, कारण त्यांच्या चित्रात बिंदू, मंडल, देवनागरी अक्षर अशी 'भारतीय' म्हणून दाखवता येईल अशी खूण सहसा सापडत नाही.

माझं मत असं आहे की ती खूण विषयात शोधू नये. पाहण्याची जी पद्धत ते शांतिनिकेतनातून घेऊन निघाले, ती शेवटपर्यंत सुटली नाही. आणि ज्या साधनानं ती व्यक्त झाली ते त्यांना इथे मिळालं नसतं. त्या काळात रंगीत एचिंगवर वर्षानुवर्षं प्रयोग करू देणारी, मोठी यंत्रं आणि दहा देशांचे सोबती असलेली जागा आपल्याकडे नव्हती. ते गेले म्हणून ही पद्धत घडली. भारत सरकारनं १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री दिली तेव्हा ते पॅरिसलाच राहत होते. १९७६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या न्यूयॉर्क विद्यापीठात त्यांनी मुद्राचित्रण शिकवलं.

रझा माहीत, सूझा माहीत, मग रेड्डी का नाहीत?

एक तर ते कुठल्या गाजलेल्या गटात नव्हते. दुसरं म्हणजे आपल्याकडे कॅनव्हास हेच 'खरं' चित्र आणि कागद त्याचा धाकटा भाऊ, अशी उतरंड अजून आहे. लिलावात मोठा आकडा लागला की बातमी होते आणि बातमी झाली की नाव घरी पोहोचतं. मुद्राचित्रं त्या मानानं स्वस्त, त्यामुळे त्यांची बातमी होत नाही. अशा मोजमापात जन्मभर शिकवण्यात वेळ घालवलेला माणूस मागे पडणारच.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१६-१७ मध्ये हेटर, रेड्डी आणि झरीना हाश्मी या तिघांचं काम एकत्र मांडलं. अलीगढला जन्मलेल्या झरीना साठच्या दशकात याच आतल्ये १७ मध्ये काम करत होत्या. ते प्रदर्शन रेड्डींच्या हयातीतच झालं. २२ ऑगस्ट २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये, ९३ व्या वर्षी, ते गेले.

आज ही पद्धत करून पाहता येते का?

येते, आणि भारतातल्या मुद्राचित्रणाच्या विभागांत ती केलीही जाते. सुरुवातीला दोनच पातळ्यांचा छोटा पत्रा घ्यावा, एक कडक आणि एक मऊ रोलर, दोन रंगांची शाई आणि जवसाचं तेल. आधी तेलाचं प्रमाण बदलून काचेवर शाया एकमेकींवर फिरवून पाहाव्यात. कोणती कुणाला नाकारते ते तिथेच कळतं आणि पत्रा वाया जात नाही.

नायट्रिक आम्लाबद्दल मात्र गाफील राहू नये. जस्तावर ते काम करताना विषारी वाफा निघतात. घरात, बंद खोलीत ते वापरू नये. बऱ्याच कार्यशाळांनी आता जस्तासाठी मोरचूद आणि मिठाचं द्रावण घेतलं आहे, तांब्यासाठी फेरिक क्लोराइड. खाच थोडी वेगळी पडते, रेषेच्या कडा बदलतात, पण वरची-मधली-खालची पातळी तितकीच नीट मिळते, आणि शायांचं बाकीचं सगळं गणित जसंच्या तसं चालतं.